साखर फोडणारं यीस्टचं जनुक, तुमच्याच टेबलावर

चला, बाह्या वर करा. किराणा दुकानातली साखर, केकच्या दुकानातलं यीस्ट आणि मेडिकलमधली पट्टी, एवढ्या सामानात आज एका जनुकाचं काम डोळ्यांनी पाहायचं आहे. जनुकाचं नाव एसयूसी-२. त्यावरून यीस्ट इन्व्हर्टेज नावाचं विकर बनवतं आणि हे विकर आपल्या रोजच्या साखरेचे दोन तुकडे करतं: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. लघवीतली साखर तपासायची पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, अख्ख्या साखरेला ती दाद देत नाही. म्हणजे पट्टीचा रंग बदलला की समजा, साखर फुटली. बाकीचं सगळं हात चालवताना कळत जाईल.

दीड-दोन तास हाताशी ठेवा. शाळेत करणार असाल तर दोन तासिका जोडून घ्या. गॅस पेटवायचा आहे, तेव्हा मुलांजवळ मोठं माणूस हवंच.

आधी सामान

कोरडं यीस्ट: एक लहान पाकीट. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळेल. पाकिटावरची तारीख बघा. 'गोड पिठासाठी' असं लिहिलेलं यीस्ट घेऊ नका. भरपूर साखरेच्या पिठात टिकावं म्हणून निवडलेल्या त्या वाणात इन्व्हर्टेज कमी असतं आणि तुमची पट्टी उगाच फिकी राहील. साधं, पावाचं यीस्ट हवं.

साखर: घरातली चालेल. जमलं तर खडीसाखर कुटून घ्या, ती जास्त शुद्ध. गूळ आणि मध मात्र टेबलावरही आणू नका. त्यांत ग्लुकोज आधीपासूनच असतं, त्यामुळे यीस्ट पडायच्या आधीच पट्टी रंगून जाते.

पट्ट्या: मेडिकलमध्ये 'लघवीतली शुगर बघायची पट्टी' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'शुगरची पट्टी' म्हणालात तर बोट टोचून रक्त तपासायची ग्लुकोमीटरची पट्टी हातात पडेल, ती इथे काही कामाची नाही. सोबत १० मिलीच्या दोन सिरिंज घ्या, सुई काढून. थोडी साधी ग्लुकोज पावडर घ्या. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या स्वादाची नको, 'क' जीवनसत्त्व घातलेली तर मुळीच नको.

पाणी: याकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून आपण भरून ठेवतो आणि त्यात मेडिक्लोरचे थेंब टाकतो, किंवा टाकीत ब्लीचिंग पावडर पडलेली असते. तसलं पाणी ग्लुकोज नसतानाही पट्टी रंगवतं. तेव्हा आरओच्या कॅनचं पाणी घ्या. ते नसेल तर नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा आणि उघडंच निवू द्या.

याशिवाय: चहाचे कागदी कप आठ-दहा, तेवढेच चमचे, एक परात, एक लहान स्टीलची वाटी, पातेलं, मार्कर पेन, घड्याळ आणि वही.

तयारी

१. कपांवर क, ख, ग, घ अशी अक्षरं घाला. झाकणावर किंवा खालच्या कागदावर लिहू नका, कप हलले की अक्षर एकीकडे आणि कप भलतीकडे होतो.

२. एका स्वच्छ भांड्यात अर्धा लिटर पाणी कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा: गरम नाही, गार नाही, नुसतं जाणवेल न जाणवेल असं. थर्मामीटर असेल तर ३५ ते ३७ अंश. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी थेट वापरू नका, ते हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं आणि तेवढ्यानंही यीस्ट लंगडं होतं.

३. या कोमट पाण्यातलं २०० मिली एका ग्लासात घ्या.

४. त्यात साखरेचे दोन सपाट चमचे टाका. चमचा चहाचा. शीग नको, बोटानं सपाट करा.

५. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तळाशी एकही दाणा नको. हे झालं साखरपाणी.

६. हा चमचा आता साखरपाण्याच्या ग्लासातच राहू द्या. तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. आजचे निम्मे प्रयोग बिघडतात ते अशा इकडून तिकडे फिरणाऱ्या चमच्यामुळे.

७. दुसऱ्या ग्लासात १०० मिली कोमट पाणी घ्या.

८. त्यावर यीस्टचा एक सपाट, कोरडा चमचा भुरभुरवा. चमचा ओला असेल तर यीस्टचे गोळे होतात.

९. पाच मिनिटं हात लावू नका. दाणे आपले आपण फुगून खाली बसतील. पाकिटाच्या मागे 'चिमूटभर साखर घाला' असं छापलेलं असेल, तिकडे दुर्लक्ष करा! फेस आला नाही म्हणून घाबरूनही जाऊ नका. साखरच नाही, तर फेस कुठून येणार?

१०. पाच मिनिटं झाली की दुसऱ्या, कोरड्या चमच्यानं ढवळा. दुधाळ, तपकिरी छटेचं पाणी दिसलं की यीस्टपाणी तयार.

११. त्यातलं निम्मं, म्हणजे ५० मिली, स्टीलच्या वाटीत ओता.

१२. वाटी पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ठेवा. पातेल्यातलं पाणी वाटीच्या निम्म्या उंचीपर्यंतच हवं. थेट गॅसवर ठेवलीत तर यीस्टपाणी फसफसून बाहेर येईल आणि उरलेलं तळाला लागेल.

१३. वाटीवर ताटली झाका.

१४. पातेल्यातलं पाणी उकळत ठेवून पंधरा मिनिटं थांबा. दहाव्या मिनिटाला कंटाळून गॅस बंद करू नका. इन्व्हर्टेज उष्णतेला बऱ्यापैकी चिवट आहे, अर्धवट उकळलं तर काही विकर शाबूत राहतं आणि मग ग कप तुम्हाला फसवतो.

१५. चिमट्यानं वाटी बाहेर काढा.

१६. वाटी गार पाण्याच्या ताटलीत ठेवून कोमट होईपर्यंत निववा. गरमागरम कपात ओतू नका. हे आपलं उकळलेलं यीस्टपाणी. उरलेलं ५० मिली न उकळलेलं, म्हणजे जिवंत.

पट्टी खरी की खोटी

कपांना हात लावण्याआधी पट्टी तपासून घ्या. डबी किती दिवस उघडी होती, दुकानात किती दमट हवा लागली, हे आपल्याला ठाऊक नसतं.

१७. एका वेगळ्या कपात थोडं पाणी घेऊन त्यात ग्लुकोज पावडरची चिमूट टाका.

१८. डबीतून एक पट्टी काढा. ज्या टोकाला रंगीत चौकोन आहे तिथे बोट लावायचं नाही, घाम लागतो.

१९. डबीचं झाकण लगेच, घट्ट लावा. जुलै-ऑगस्टच्या हवेत झाकण उघडं राहिलं की आतल्या सगळ्याच पट्ट्या निकामी होतात.

२०. पट्ट्या महाग वाटत असतील तर कोरड्या कात्रीनं उभी चिरून एकीच्या दोन करा. चौकोन दोन्ही भागांत आला पाहिजे. आडवी कापलीत तर दुसऱ्या तुकड्याला चौकोनच नसेल.

२१. पट्टी ग्लुकोजच्या पाण्यात बुडवा आणि लगेच काढा. एक सेकंद पुरे. घोळवत बसलात तर चौकोनातली रसायनं पाण्यात उतरतात.

२२. पट्टीची कड कागदावर टेकवून जास्तीचं पाणी निथळवा. चौकोन पुसू नका.

२३. डबीवर जितके सेकंद लिहिले असतील तितके मोजा. बहुतेक डब्यांवर ३० असतात.

२४. वेळ भरली त्या क्षणी रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवा. पिवळ्या बल्बखाली जुळवू नका, खिडकीपाशी जा. दोन मिनिटांनी पुन्हा बघितलंत तर रंग आणखी गडद दिसेल, तो धरायचा नाही.

२५. आता दुसरी पट्टी नुसत्या पाण्यात बुडवून तसंच वाचा. पहिली रंगली आणि दुसरी कोरी राहिली, तरच पुढे जा. दुसरी रंगली तर पाण्यात ब्लीचिंग आहे: पाणी बदला आणि पायरी २ पासून पुन्हा या.

चार कप

इथे क्रम मोडायचा नाही. आधी पाणी, मग साखर, मग उकळलेलं यीस्ट आणि जिवंत यीस्ट सगळ्यांत शेवटी. जिवंत यीस्टचा एक थेंब सिरिंजमधून भलत्या कपात गेला, की तोही कप कामाला लागतो.

२६. परातीत बोटभर कोमट पाणी घालून चारही कप त्यात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी करत असाल तर परातीतलं पाणी पटकन गार होतं, मधेमधे थोडं गरम पाणी मिसळत राहा.

२७. पहिल्या सिरिंजनं क कपात १० मिली साधं पाणी घाला.

२८. त्याच सिरिंजनं ख कपात २० मिली साधं पाणी घाला.

२९. त्याच सिरिंजनं क, ग आणि घ या तिन्ही कपांत प्रत्येकी २० मिली साखरपाणी घाला. ख कपात साखर नाही! इथे हात आपोआप ख कडे जातो, म्हणून तो कप आधीच थोडा बाजूला सरकवा.

३०. पहिली सिरिंज बाजूला ठेवून द्या. तिचं काम संपलं.

३१. दुसऱ्या, कोऱ्या सिरिंजनं ग कपात १० मिली उकळलेलं यीस्टपाणी घाला.

३२. ही सिरिंज साध्या पाण्यानं तीनदा भरून रिकामी करा.

३३. जिवंत यीस्टपाणी ढवळा. यीस्ट तळाशी बसलेलं असतं, वरचं निवळ पाणी ओढलंत तर कपात यीस्ट जाणारच नाही.

३४. ख कपात १० मिली जिवंत यीस्टपाणी घाला.

३५. घ कपात १० मिली जिवंत यीस्टपाणी घाला.

३६. घड्याळ बघून वेळ लिहा. 'लक्षात राहील' म्हणू नका.

३७. चारही कप ढवळा, प्रत्येकाला वेगळा चमचा.

३८. दहा मिनिटं थांबा. तोवर वहीत चार रकाने आखा: कप, आत काय आहे, किती मिनिटं झाली, रंग कोणता.

३९. दहा मिनिटांनी क कपात पट्टी बुडवा, निथळवा, सेकंद मोजा, रंग लिहा. त्याच क्रमानं ख, मग ग.

४०. घ कप शेवटी. खिडकीपाशी उभे राहा आणि चौकोनाकडे बघत राहा. पहिले काही सेकंद काहीच होत नाही, मग कडेकडून रंग चढू लागतो आणि अर्ध्या मिनिटात चौकोन तक्त्यावरच्या वरच्या रकान्यांशी जुळतो. क, ख, ग तिन्ही कोरे आणि घ रंगलेला. साखर होती, जिवंत यीस्ट होतं, तिथेच ग्लुकोज निघालं. हेच ते काम!

४१. पट्ट्या वाळल्या की ज्या त्या रकान्यापुढे चिकटपट्टीनं लावा. रंग पुढे बदलतो, म्हणून वाचलेला रंग शब्दांत लिहिलेला हवाच.

४२. घ कप उद्यासाठी ठेवून 'अजून गडद होईल' अशी वाट बघू नका. यीस्ट हे ग्लुकोज स्वतः खातं. रात्रभर ठेवलेल्या कपात पट्टी पुन्हा फिकी निघू शकते.

बिघडलंच तर कुठे बघायचं

क रंगला तर साखरेत किंवा भांड्यात गडबड आहे: खडीसाखर वापरा आणि भांडी नुसत्या पाण्यानं पुन्हा धुवा.

ख रंगला तर सिरिंज धुवायची राहिली, किंवा यीस्टमध्ये कुणीतरी साखर टाकली. घरात लहान मदतनीस असतील तर हळूच विचारा.

ग रंगला तर यीस्ट पुरतं उकळलं नाही, किंवा घ चा चमचा ग मध्ये फिरला. हा कप मला चौघांत सर्वांत मोलाचा वाटतो. ग आणि घ मध्ये फरक फक्त उकळण्याचा आहे, तेव्हा ग चुकला तर घ चा रंग काहीच सिद्ध करत नाही. ग पुन्हा नीट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि घ रंगलाच नाही तर? यीस्ट जुनं आहे, पाणी फार तापलं होतं, किंवा कपात कुणी लिंबू पिळलं. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व पट्टीचा रंग दाबून टाकतं. पाकीट बदलून पाहा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

दुधाचा कप

आता एक झटपट पडताळा. हे विकर दिसेल ती साखर फोडतं का?

४३. एका नव्या कपात २० मिली कोमट, उकळून निवलेलं दूध घ्या. चहासाठीची दूध पावडर कालवून घेऊ नका, तिच्यात बहुधा साखर घातलेली असते.

४४. या दुधात आधी पट्टी बुडवून वाचा. ती कोरी राहिली पाहिजे.

४५. दुधात १० मिली जिवंत यीस्टपाणी घालून ढवळा.

४६. दहा मिनिटांनी पट्टी वाचा. कोरीच राहते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडणारं जनुक पावाच्या यीस्टकडे नाही आणि इन्व्हर्टेज तिला हात लावत नाही.

सोयाबीनचा कप

वाशिम जिल्ह्यात खरिपाला जिकडे नजर जाईल तिकडे सोयाबीन, मग हा कप करायलाच हवा. सोयाबीनच्या दाण्यात तेल आणि प्रथिनं असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात आपली नेहमीची साखरही असते. तीच यीस्टकडून फोडून घेऊ.

४७. पोत्यातले मूठभर दाणे घ्या. पेरणीच्या बॅगेतलं बियाणं घेऊ नका! बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक असतं. यीस्ट ही बुरशीच, ती मरेल, आणि तुमच्या मिक्सरच्या भांड्यालाही ते औषध लागेल.

४८. दाणे कोरड्या फडक्यानं पुसा.

४९. कोरडेच मिक्सरमध्ये बारीक दळा. रात्रभर भिजवू नका. भिजवल्यावर साखर पाण्यात उतरते आणि दाणा मोड काढायला लागला की आतल्या साखरांची उलथापालथ होते.

५०. १०० मिली पाण्यात या पिठाचे चार सपाट चमचे कालवा. गुठळ्या मोडा.

५१. मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, ढवळत राहा. सोयाबीनचं दूध उकळी फुटण्याच्या आधीच फेसानं वर येतं, पातेलं निम्मं रिकामं हवं आणि नजर हटवायची नाही.

५२. पातळ सुती फडक्यातून गाळा.

५३. कोमट होऊ द्या.

५४. गाळलेल्या पाण्यात पट्टी बुडवून आधीचा रंग लिहा. दाट पाण्यात पट्टी खोल घालू नका, वरच्या वर टेकवा आणि कड नीट निथळवा. किंचित छटा आली तरी चालेल, तीच तुमची सुरुवात. तिच्याहून गडद झालं तरच मोजायचं.

५५. दोन कपांवर च आणि छ लिहा.

५६. सिरिंज तीनदा धुवून दोन्हींत २० मिली सोयापाणी घाला.

५७. च कपात १० मिली उकळलेलं यीस्टपाणी घाला.

५८. सिरिंज पुन्हा तीनदा धुवा.

५९. छ कपात १० मिली जिवंत यीस्टपाणी घाला आणि घड्याळ बघा.

६०. दोन्ही कप वेगवेगळ्या चमच्यांनी ढवळा.

६१. तीन मिनिटांनी दोन्ही कपांत पट्टी बुडवून वाचा, च आधी. मघासारखी दहा मिनिटं इथे थांबायचं नाही. या पाण्यात साखर थोडीच आहे, उशीर केलात तर निघालेलं ग्लुकोज यीस्ट खाऊन टाकेल आणि तुम्हाला वाटेल काही घडलंच नाही.

६२. सहा मिनिटांनी पुन्हा वाचा. दोन वाचनांतलं जे गडद ते धरा. घ कपाइतका भक्कम रंग इथे येणार नाही, साखरपाण्यात आपण दोन चमचे साखर घातली होती, दाण्यात तेवढी नाही. च आणि छ यांच्यातला फरक दिसला की झालं.

दाण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या मोठ्या साखरासुद्धा असतात. इन्व्हर्टेज त्यांचं फक्त फ्रुक्टोजचं टोक तोडतं, आणि पट्टीला फ्रुक्टोज कळत नाही. त्यामुळे छ कपातला रंग हा दाण्यातल्या साध्या साखरेचाच.

आवराआवर

६३. सगळे कप मोरीत ओतून भरपूर पाणी सोडा. यातलं काहीही प्यायचं नाही, सोयापाणीसुद्धा नाही.

६४. उरलेलं यीस्टपाणी आणि साखरपाणी एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका. वायू साठतो आणि बाटली फुटते.

६५. सिरिंजवर 'प्रयोग' असं लिहा आणि औषधाच्या खणापासून लांब ठेवा.

६६. पाकिटातलं उरलेलं यीस्ट हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा.

जनुक मोबाईलवर उघडा

आत्तापर्यंत विकराचं काम पाहिलं, आता ज्या अक्षरांवरून ते बनलं तीच अक्षरं बघू. हे सगळ्यांना मोफत खुलं आहे.

६७. मोबाईलवर यीस्टजीनोम डॉट ओआरजी हे संकेतस्थळ उघडा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून चालणारा हा यीस्टच्या जनुकांचा संग्रह आहे. स्क्रीन लहान असेल तर मोबाईल आडवा धरा.

६८. शोधाच्या चौकटीत इंग्रजी एस, यू, सी ही अक्षरं आणि त्यांना चिकटून २ चा आकडा टाका. मधे जागा सोडू नका. २ चा आकडा विसरलात तर या जनुकाच्या भावंडांची यादी समोर येईल.

६९. जनुकाचं पान उघडा आणि नावाशेजारचं दुसरं, लांबलचक नाव वहीत उतरवा: वाय, आय, एल, १६२, डब्ल्यू.

७०. ते डावीकडून एकेक करून वाचा. वाय म्हणजे यीस्ट. आय हे इंग्रजीतलं नववं अक्षर, म्हणजे सोळांपैकी नववं गुणसूत्र. एल म्हणजे गुणसूत्राची डावी बाजू. १६२ म्हणजे मधल्या गाठीपासून मोजत गेल्यावर येणारा क्रमांक. डब्ल्यू म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी वॉटसन नावाचा धागा. आता हे नाव तुम्हाला पत्त्यासारखं वाचता येतंय!

७१. प्रथिनाचा विभाग उघडून लांबी बघा: ५३२ अमिनो आम्लं.

७२. वहीत ५३२ ला ३ नं गुणा. १५९६ आले पाहिजेत.

७३. त्यात ३ मिळवा, थांबण्याच्या खुणेची तीन अक्षरं म्हणून. १५९९ झाले.

७४. डीएनएच्या अक्षरांचा विभाग उघडून जनुकाची लांबी तिथल्या आकड्याशी ताडून बघा. आकडा वेगळा दिसला तर तुम्ही जनुकाच्या दोन्ही बाजूंचा जादा मजकूर असलेला पर्याय निवडला आहे. फक्त प्रथिनासाठीचा भाग निवडा.

७५. प्रथिनाची पहिली १९ अक्षरं वहीत उतरवा: एम एल एल क्यू ए एफ एल एफ एल एल ए जी एफ ए ए के आय एस ए. हा तुकडा म्हणजे 'पेशीबाहेर पाठवा' अशी चिठ्ठी. बाहेर पडताना ती कापली जाते आणि ५१३ अमिनो आम्लांचं विकर यीस्टच्या बाहेरच्या भिंतीपाशी कामाला लागतं. तुमच्या कपात ग्लुकोज पाण्यात निघालं आणि पट्टीला सापडलं, ते या १९ अक्षरांमुळे. मोजताना 'एल एल' च्या जोड्या सुटतात, बोट ठेवून मोजा.

७६. घ कपाच्या पट्टीशेजारी हे नाव, ही १९ अक्षरं, आजची तारीख आणि पाण्याचं तापमान लिहा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला: पाणी ४५ अंशांचं घ्या, किंवा यीस्ट निम्मं करा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर रंग कशामुळे बदलला ते कळणार नाही.